चार पावलांचा जिताडा

सातवीण फुलली की मला माशांचा वास येतो.

हे मी एकदा आमच्या डॉक्टरांना सांगितलं, तर त्यांनी नाकाचा एक्स-रे काढायला लावला. नाक निर्दोष निघालं. पण तुम्हीच बघा, ऑक्टोबर लागला की मयूर विहारच्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी उभी असलेली ती दोन झाडं एका संध्याकाळी अशी काही घमघमतात की अर्धी दिल्ली शिंकायला लागते आणि उरलेली अर्धी खिडक्या लावून घेते. मी मात्र बाल्कनीत जाऊन छाती भरून श्वास घेतो. आणि माझ्या उजव्या हाताचं पहिलं बोट आपोआप वाकतं, जणू त्याच्यावर गळाचा ताणलेला तंगूस आहे आणि तंगुसाच्या दुसऱ्या टोकाला, पंधराशे किलोमीटरवर, कोणीतरी नुकतंच तोंड लावलंय.

आज सकाळपासून फोनवर सात मासे आले. एक कारवारहून, दोन मुरुडहून, बाकीचे कुठून ते बघायलाही सवड नाही. मासा पाण्याबाहेर येतो, शेपटी आपटायची थांबायच्या आत माझ्या हातातल्या काचेवर येतो, आणि मी अंगठा वर करून दाखवायच्या आत पुढचा येतो. छान आहे, तक्रार बिल्कुल नाही. पण आमच्या वेळी एक मासा पाण्यातून पडद्यावर यायला अकरा दिवस लागायचे, यार! अकरा दिवस त्या माशाला वाढायला मिळायचे. त्या हंगामाची गोष्ट आज बोटात वळवळतेय म्हणून लिहायला बसलो.

मुळात मी आणि समुद्र यांचा संबंध यायचं काही कारण नव्हतं. वडील सुभेदार, मूळ साताऱ्याकडचे. मी वाढलो दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये. तिथे पाणी म्हणजे सकाळी साडेसहाला येणारा टँकर. वडिलांच्या गोष्टींत ते बर्फातल्या एका खिंडीतून जखमी खेचर खांद्यावर घेऊन उतरले होते. मी पहिलीत होतो तेव्हा ते खेचर शिंगरू होतं. मी दहावीला गेलो तोवर त्याच्या पाठीवर तोफही आली होती. घरातली ही विद्या मी मन लावून शिकलो.

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो माझ्या लग्नात. नीलाचं माहेर रत्नागिरीच्या खाली, वेळसर नावाच्या गावात. मांडवाच्या मागे नारळ, नारळांच्या मागे तो. मुंडावळ्यांच्या मधून बघितला आणि भटजींना म्हणालो, जरा थांबता का. नीला आजही सांगते की अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरदेवाचं तोंड भलतीकडेच होतं. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी हातात एक गरी, थोडा तंगूस आणि एक मेलेली कोळंबी ठेवली, आणि मी तळहाताएवढा शेंगाळा पकडला. गाडी रतलामला पोचेपर्यंत तो हातभर झाला होता. निजामुद्दीनला उतरताना तर मी त्याला पकडलं की त्यानं मला, हेच स्पष्ट राहिलं नव्हतं.

ती वर्षं तशीच होती. सगळंच वाढत होतं. यमुनेपलीकडे जिथे काल भेंडी होती तिथे आज पॉकेट-वन, पॉकेट-टू असे नंबर घातलेले फ्लॅट उगवत होते. नोएडात आमच्या कंपनीच्या काचेच्या इमारतीवर रोज एक मजला चढायचा. दारं उघडली होती म्हणे देशाची. त्या दारातून लोकांकडे परदेशी चॉकलेटं आली, कपडे धुवायची यंत्रं आली. माझ्याकडे ऑफिसातल्या एकाबरोबर सिंगापूरहून आठ फुटी कार्बनचा रॉड आणि फिरकीचं रीळ आलं. आत्तापर्यंत परदेशातून भारतात आलेली ही सर्वांत उपयुक्त वस्तू आहे, असं मी तेव्हा म्हणायचो आणि अजूनही म्हणतो.

पण रॉड दिल्लीत, समुद्र वेळसरात. मग सराव कुठे करायचा? सोसायटीच्या गच्चीवर. दर रविवारी सकाळी मी दोऱ्याला शिशाचं वजन आणि बोथट केलेली गरी बांधून समोरच्या ब्लॉकवर फेकायचो. अंदाज असा बसला होता की तिसऱ्या मजल्यावरच्या कुंडीतलं तुळशीचं पान मी वाऱ्यासकट टिपायचो. एका रविवारी वाऱ्यानं दगा दिला. रीळ गरगरलं, दोरा ताणला, मी सवयीनं झटका मारला आणि खालून किंकाळी आली. खालच्या मजल्यावरचे घोषबाबू गच्चीच्या जिन्यानं वर आले तेव्हा त्यांच्या हातात पूजेसाठी कांजी करून वाळत घातलेलं धोतर होतं, आणि धोतरात माझी गरी.

"भाईसाहब, ये क्या है?"

"फिशिंग, घोषबाबू. प्रॅक्टिस."

"यहाँ? मछली कहाँ है?"

"समुंदर में."

घोषबाबूंनी धोतराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि अत्यंत दुःखानं म्हणाले, "समुंदर का मछली भी कोई मछली होता है? खारा, कड़ा, बदबू. मछली होता है नदी का." आणि गरी सोडवून, व्यवस्थित गुंडाळून माझ्या हातात दिली. मासेमारीच्या साधनांचा अपमान बंगाली माणूस कधी करत नाही.

गच्चीवरच्या त्या दिवसांतच मला 'खारा दोरा' सापडला. तो म्हणजे किनाऱ्यावरून छंद म्हणून गळ टाकणाऱ्यांचा एक ई-मेलचा गट. चाळीसेक माणसं, पालघरपासून गोव्यापर्यंत विखुरलेली, एक कोलकात्यात नोकरीला, आणि समुद्रापासून सगळ्यांत लांब मी. माझं नाव पहिल्याच दिवशी पडलं: दिल्लीकर. गट चालवायचे ते मास्तर. मालवणकडच्या कुठल्याशा शाळेतून निवृत्त झालेले, मुलानं घरी कॉम्प्युटर आणला म्हणून टायपिंग शिकलेले. रोमन अक्षरांत मराठी लिहायचे आणि तरीही त्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाला आम्ही घाबरायचो.

मास्तरांचा एक नियम होता. मासा धरला की तिथल्या तिथे, ओल्या वाळूवर किंवा कातळावर, गरी जबड्यात असतानाच त्याचा फोटो काढायचा. आणि त्याच्या शेजारी स्वतःचा डावा पाय ठेवायचा, अनवाणी. मोजपट्टी कोणी लहान करून आणेल, वजनकाट्याला कोण विचारतो; पण पाय ज्याचा त्याचा. सभासद होतानाच पायाचं माप कळवावं लागे. मग माशाची लांबी पावलांत सांगायची: दोन पावलं, अडीच पावलं. वर्षभरात अशी परिस्थिती झाली की आम्ही एकमेकांचे चेहरे पाहिले नव्हते, पण पाय ओळखायचो. दापोलीच्या वकिलांच्या अंगठ्याचं नख काळं, पणजीच्या बँकवाल्यांची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली.

हे पाय बघायला मी जायचो गुप्ताजींकडे. गुप्ताजींचा मार्केटमध्ये एसटीडी बूथ होता. त्याच काचेच्या खोपटात प्लायवूडच्या भिंती घालून त्यांनी तीन कॉम्प्युटर बसवले आणि बाहेर 'सायबर कॅफे' असं रंगवलं. मोडेम आधी खाकरायचं, मग किंचाळायचं, मग समुद्रासारखं फसफसायचं. मी तर डोळे मिटून तो आवाज ऐकायचो. फोटो वरून खाली, ओळीओळीनं उतरायचा. आधी आभाळाची पट्टी, मग वाळू, मग पायाची बोटं, मग अर्धी शेपटी, आणि मग लाइन तुटायची. त्या अर्ध्या शेपटीवरून मी उरलेला मासा मनात पूर्ण करायचो, आणि मी पूर्ण केलेला मासा खऱ्यापेक्षा कधीच लहान नसायचा.

गुप्ताजी दोन महिने गप्प होते. मग एकदा खुर्ची जवळ ओढून, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "भाईसाहब, बुरा मत मानना. ये कौन-सी साइट है जिसमें सिर्फ़ पैर आते हैं?"

आता माझा गुन्हा सांगतो. मे महिन्यात सुट्टीला वेळसरला गेलो असताना मला एक तांबोशी मिळाली. लालभडक, देखणी, पण माझ्या पायाशेजारी ठेवली तर जेमतेम एक पाऊल. माझा पाय लांब आहे, त्यात माझा काय दोष? नीला शेजारीच उभी होती. तिचा पाय म्हणजे चार नंबरची चप्पल. मी म्हटलं, "नीला, जरा इकडे पाय ठेव गं. फक्त घोट्यापर्यंत येईल." तिनं ठेवला. तांबोशी एकदम दीड पाऊल झाली. फोटो धुऊन आला, स्कॅन झाला, गेला. चाळीस ठिकाणी तो वरून खाली उतरला. तिसऱ्या दिवशी मास्तरांचं उत्तर आलं:

"तांबोशी छान. जोडवी त्याहून छान. वहिनींना नमस्कार सांगा."

मी फोटो पुन्हा उघडला. पायाच्या दुसऱ्या बोटात चांदीचं ठसठशीत जोडवं. मी मासा बघत होतो, जबड्यातली गरी बघत होतो, उजेड बघत होतो. जोडव्याकडे बघायचं मला सुचलंच नाही. लग्नात अंतरपाटाच्या वेळीही माझं असंच झालं होतं, असं नीला म्हणाली.

आठवडाभर गट नुसता हसत होता. कोणी पैंजण पाठवू का विचारलं, कोणी मेंदीचा फोटो मागितला. मीही हसलो. मग मास्तरांचं पत्र आलं, फक्त मला. "दिल्लीकर, इथे कोणी कोणाला भेटत नाही. इथे फक्त शब्द असतो. तुमच्या गोष्टी मला आवडतात, पण ही गोष्टींची जागा नव्हे. दिवाळीपर्यंत एक मासा नियमानं दाखवा. नाहीतर नवी यादी करताना तुमचं नाव घेता येणार नाही."

तुम्हाला वाटेल, त्यात एवढं काय? ई-मेलच्या यादीतून एक नाव जाणार. पण मी तुम्हाला आमच्या सकाळचं वर्णन करतो. नोएडाची बस, निळा धूर, दुतर्फा सिमेंटची पोती, कुठल्याही दिशेला दिवसभर चाललात तरी माती. त्या सगळ्यात मला रोज कळायचं की मालवणला आज उधाण आहे, दापोलीला वारा फिरलाय, पणजीला पाणी निवळलंय. काचेच्या इमारतीत सेल्सचे आकडे बघताना मी आतल्या आत भरती-ओहोटी पाळत होतो. नाव गेलं असतं तर माझ्या वाटेला आलेला तेवढा समुद्रही गेला असता. सासुरवाडीचा समुद्र वर्षातून आठ दिवस. हा रोजचा होता.

म्हणून त्या ऑक्टोबरात, सातवीण फुलायला आणि मला दसऱ्याला जोडून आठवडाभर सुट्टी मिळायला एकच गाठ पडली, तेव्हा मी आणि नीला रॉड, रीळ आणि तिच्या भावाचा कॅमेरा घेऊन वेळसरला उतरलो.

काय हवा होती! पावसानं धुतलेलं आभाळ, भात पिवळं पडलेलं, खाडीचं पाणी गढूळपणा सोडून हिरवं होत चाललेलं. पहिले तीन दिवस मी खाडीच्या तोंडाशी कातळावर उभा राहून मिळेल ते आमिष फेकलं. मिळालं काय? एक खेकडा, एक चप्पल आणि एक असा शेंगाळा जो मीच लाजून सोडून दिला. सासरे रोज संध्याकाळी काही न विचारता माझ्या ताटात बाजारचा मासा वाढायचे. 

चौथ्या दिवशी दुपारची गाडी होती. पहाटे उठलो, छोट्या जाळ्यानं एक जिवंत बोय मासोळी पकडली, आमिष म्हणून गरीला लावली आणि भरती सुरू होताना कातळाच्या कडेला सोडली. थोड्या अंतरावर सगुणाकाकी कोयतीनं कालवं फोडत होती. साठीची बाई, नीलाच्या माहेरची शेजारीण, नऊवारीचा काचा मारून कमरेइतक्या पाण्यात अशी उभी राहायची की पाणीच तिला वळसा घालून जायचं.

"जावयबापू," तिनं मान वर न करता विचारलं, "आज तरी काय गावतंय का, का नुसतीच काठी नाचवताय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि रीळ ओरडलं.

ओरडलं म्हणजे काय, त्या मोडेमच्या शंभरपट! दोरा सुटला तो सुटलाच. रॉडचं टोक पाण्याला लागलं. चाळीस वावांवर पाणी फुटलं आणि त्यातून एक चांदीचं दार उघडल्यासारखा तो बाहेर आला, पूर्ण हवेत, डोकं झाडत, कल्ले उघडे. जिताडा! तुम्ही जिताडा उडी मारताना पाहिला नसेल तर मी सांगून कळणार नाही, आणि पाहिला असेल तर मी सांगायची गरज नाही.   मी "नीला!" म्हणून ओरडलो, नीला घरी होती.

तो खडकाला वळसा घालायला लागला. दोरा कातळावर घासला की तुटणार, म्हणून मी कातळावरून पाण्याच्या बाजूला धावलो. शेवाळ. दोन्ही पाय एकदम आभाळात, रॉड एकीकडे, मी एकीकडे, गळ्यातल्या कॅमेऱ्यासकट पालथा. नाकातोंडात खाडी. रॉड पाण्याकडे सरकतोय हे मला दिसत होतं, पण मी उठेपर्यंत तो गेलाच असता. सगुणाकाकीनं एक पाय टाकून तो दाबून धरला. मग पदर हाताला गुंडाळला, तंगूस धरला, आणि सिंगापूरच्या रिळाकडे ढुंकूनही न बघता हातावर हात टाकत ओढायला लागली. ओढायची, सोडायची, ओढायची. तोंडानं माशाला शिव्या. पंधरा मिनिटं. मी सांगतो तेव्हा ती दीड तास होतात, पण पंधराच.

मासा कातळामधल्या उथळ डबक्यात आडवा झाला. मला वाटलं, आता तरी आपण काहीतरी करावं. मी पुढे होऊन कल्ल्यात हात घातला.

"अवो, कल्ल्यात हात घालू नुको! बोटां जातील!"

गेली नाहीत, पण तीन बोटं चिरली. जिताड्याचा कल्ला म्हणजे वस्तरा. काकीनं गुडघ्यानं ढकलून मासा कातळावर घेतला, त्याच्या डोक्याशी बसली आणि म्हणाली, "काडा आता फोटू."

मी कॅमेरा उघडला. आतून खाडी निघाली.

गावातल्या भातगिरणीच्या काट्यावर जिताडा अकरा किलो भरला. काटा दोनदा बघितला. गिरणीवाल्यानं तिसऱ्यांदा बघितला. गावात दुसरा कॅमेरा नाही, फोटोवाला तालुक्याला, गाडीला तीन तास. सासरे म्हणाले, "कापा, वाटे घाला." कारण तिथली रीत अशी की मासा काढायला ज्याचा हात लागला त्याचा वाटा पहिला, डोकं आणि मानेकडचा तुकडा सगुणाकाकीचा, हे न बोलता ठरलेलं. पण मासा कापला तर मी दाखवणार काय? मी म्हणालो, "नाही. अख्खा दिल्लीला नेतो."  काकी पायरीवर कालवं निवडत बसली होती. ती हसली. "न्या की. माजा वाटा मागनं द्या." गरी जबड्यात तशीच ठेवून मी मासा थर्माकोलच्या पेटीत, बर्फात निजवला. नीला गाडीत बसेपर्यंत माझ्याशी बोलली नाही, आणि बसल्यावरही बडोद्यापर्यंत नाही.

त्या प्रवासावर मी स्वतंत्र ग्रंथ लिहू शकतो. प्रत्येक मोठ्या स्टेशनवर उतरून सरबतवाल्याकडून बर्फ. टीसीनं विचारलं पेटीत काय आहे, मी म्हणालो जिताडा, तो म्हणाला रिझर्वेशन आहे का. मथुरेपर्यंत आमच्या डब्यातले तीन शाकाहारी सज्जन दुसऱ्या डब्यात राहायला गेले.

सकाळी घरी पोचलो आणि थेट गच्ची. खाली त्या दिवसाचं हिंदी वर्तमानपत्र अंथरलं, वर जिताडा, शेजारी माझा, माझाच, बिनजोडव्याचा डावा पाय. बरोबर चार पावलं! कॅमेरा घोषबाबूंचा. ते पूजेच्या सुट्टीत होते. कॅमेरा घेऊन वर आले, माशावरचं ओलं फडकं मी बाजूला केलं, आणि त्यांच्या हातातून कॅमेरा पडता पडता राहिला.

"ये तो भेटकी है!"

"जिताडा."

"अरे भेटकी! आशोल भेटकी! ये समुंदर का है?"

"खाड़ी का. खारा."

घोषबाबू गुडघ्यावर बसले. त्यांनी माशाचा डोळा बघितला, पोट दाबलं, कल्ल्याचा वास घेतला. चार वर्षं ज्या माणसानं माझ्या समुद्राला नावं ठेवली, त्यानं माझा खांदा धरला आणि म्हणाला, "भाई, आज से तुम्हारा समुंदर हमारा समुंदर." संध्याकाळी त्यांच्या घरी मोहरीत वाफवलेला तो मासा अठरा जणांनी खाल्ला. मी सांगतो तेव्हा पन्नास होतात, पण अठरा. नीलानं खाल्ला नाही. म्हणाली, "पहिला वाटा गेला नाही, माझ्या घशाखाली उतरणार नाही."

फोटो धुतला, गुप्ताजींकडे स्कॅन केला, पाठवला. आणि मी वाट बघत बसलो, जशी वर्गात पहिला येणारा मुलगा निकालाची बघतो.

निकाल लागला. दापोलीचे वकील: "वाळू कुठे आहे? कातळ कुठे आहे? हे खाली दिल्लीचं वर्तमानपत्र आहे." पणजीचे बँकवाले: "डोळा पांढरा. मासा बर्फातला." आणि कोलकात्याच्या सभासदानं शेवटचा खिळा ठोकला: "दिल्लीतल्या बंगाल्यांच्या मासळी बाजारात अशी भेटकी रोज येते. गरी नंतरही लावता येते. या वेळी पाय तेवढा खरा वाटतो."

एकही शब्द चूक नव्हता, आणि मासा माझा होता! आयुष्यभर बिनमाशांच्या गोष्टी लोकांनी ऐकून घेतल्या, आणि आता चार पावलांचा खरा मासा समोर ठेवला तर तो बाजारातला. मास्तरांचं पत्र दोन ओळींचं होतं. "रविवारी संध्याकाळी यादी नवी करतोय. काही सांगायचं असेल तर सांगा."

रविवारी सकाळी मी गुप्ताजींकडे गेलो. नीला बरोबर आली, स्टुलावर बसली. मी लिहायला सुरुवात केली. पहिल्या मसुद्यात वादळ होतं. भरती नव्हे, महाभरती. मी एका हातानं रॉड आणि दुसऱ्या हातानं कातळ धरला होता. नीलानं वाचलं.

"काकी कुठायत?"

"येतील. पुढे."

"आणि तुम्ही पडलात ते?"

"ते कशाला?"

"अहो, मग झालं काय त्या दिवशी? तुम्ही पडलात आणि काकींनी मासा काढला. एवढंच झालं. बाकी नुसती हवा होती."

मी सगळं पुसलं. मोडेम दोनदा तुटलं, गुप्ताजींनी दोनदा जोडलं. मी लिहिलं: बोय लावली होती. जिताडा उडाला तेव्हा मी घाबरलो. शेवाळावरून पालथा पडलो. रॉड हातातून गेला. कालवं काढणाऱ्या सगुणाकाकींनी तो पायानं अडवला आणि मासा हातानं ओढून काढला. कल्ल्यात हात घातला म्हणून माझी तीन बोटं चिरली. कॅमेरा बुडाला. दाखवायच्या हव्यासापायी अख्खा मासा दिल्लीला आणला. काकींचा वाटा द्यायचा राहिला. आयुष्यात मी लिहिलेला सर्वांत लहान मजकूर. लिहिताना घाम फुटला. खोटं लिहिताना कधी फुटला नव्हता.

मग वजनाची जागा आली. मी 'अकरा' लिहिलं आणि थांबलो. त्या आकड्याकडे बघत राहिलो. 'अकरा' माझ्यासारखाच दिसत होता. छाती काढून उभा. मी तो पुसला आणि 'नऊ' लिहिलं.

"अकरा भरला होता ना?" नीला म्हणाली.

"माझ्याकडून अकरा कोण घेईल?"

"मग हेही खोटंच झालं की."

"हो. पण खालच्या बाजूनं आहे." आणि बटण दाबलं.

संध्याकाळपर्यंत मी मार्केटमधून हललो नाही. चाट खाल्ली, पुन्हा खाल्ली. गुप्ताजींनी स्वतःहून चहा पाजला. त्यांना आता पायांचं प्रकरण समजलं होतं आणि ते माझ्यापेक्षा जास्त अस्वस्थ होते. सहाच्या सुमाराला त्यांनीच हाक मारली, "आ गया, आ गया! आपके मास्टरजी का आ गया!"

मास्तरांनी लिहिलं होतं: "दिल्लीकर, स्वतःला पालथं पडलेलं तुम्ही रचणार नाही, एवढं मी तुम्हाला ओळखतो. मासा मान्य. मात्र ज्यानं मासा काढला त्याचाच तो हंगामाच्या माशांच्या यादीत लागतो, तेव्हा तुमचा दावा मी घेऊ शकत नाही. काकींचा वाटा पहिल्या गाडीनं पोचवा. मासा संपला असेल तर दुसरा पकडा, आणि तो स्वतः पकडा. तुमचं नाव राहील."

मी खुर्चीवरून उठलो आणि गुप्ताजींना मिठी मारली. भर बाजारात, एवढ्या मोठ्या गृहस्थाला उचललं म्हणा ना! नीला हसत होती, ऑक्टोबरात पहिल्यांदा. डिसेंबरात आम्ही वेळसरला गेलो. मी पाच दिवस कातळावर उभा राहिलो आणि एक पाऊलभर तांबोशी पकडली. तिचं डोकं, मान आणि उरलेलं सगळं सगुणाकाकीच्या पायरीवर ठेवलं. तिनं उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "ही तरी तुमीच काडलाव ना?"

त्या हंगामाची माशांची यादी मी जपून ठेवलीय. तिच्यात एक ओळ अशी आहे: जिताडा, चार पावलं, नऊ किलो, वेळसरची खाडी, धरला, सगुणाकाकी, सोबत, दिल्लीकर. या ओळीत वजन तेवढं खोटं आहे, बाकी सगळं खरं. इतकं चांगलं प्रमाण मला पुन्हा कधी जमलं नाही.